बावीस मिनिटांचा समुद्र

माझा मामा जन्मात कधी विमानात बसला नव्हता, पण कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर त्याला तोंडपाठ होतं. आधी किलोमीटर सांगायचा, मग एक श्वास घेऊन तास आणि मिनिटं. विचारलं तर सांगायचाच, न विचारता जास्त सांगायचा. कुणा आजारी माणसाला भेटायला गेला, तरी त्या बिचाऱ्याला उशीवर डोकं टेकू न देता दोन-चार अंतरं ऐकवून यायचा. आजारी माणूस उठून पळून जाऊ शकत नाही, म्हणून मामाला आजारी माणसं विशेष आवडत असावीत असा माझा संशय आहे.

तो एका विमान कंपनीच्या अंतर विभागात होता. अंतर विभाग म्हणजे मामा, एक टेबल, पृथ्वीचा एक गोल आणि भिंतीवर एक खुंटी, जिच्यावर मेण लावलेले दोरे टांगलेले असत. कंपनी दरवर्षी वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक काढायची. त्याची शेवटची चाळीस पानं मामाची. इथून तिथे किती किलोमीटर आणि किती वेळ, एवढंच त्या चाळीस पानांत होतं, आणि मामा ती पानं लोक कादंबरी वाचतात तशी वाचायचा.

त्याची मोजायची पद्धत ठरलेली होती. साबणाने हात धुवायचे. दोऱ्याचं एक टोक पहिल्या विमानतळावर नखाने दाबायचं, दोरा ताणायचा पण फार ताणायचा नाही, दुसऱ्या विमानतळावर शाईचा ठिपका द्यायचा, मग दोरा पोलादी पट्टीवर ठेवून भिंगातून वाचायचा. गोल मोठ्या कलिंगडाएवढा होता. त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे खरे तीनशे अठरा किलोमीटर. असं पाच वेळा मोजायचं, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा टाकून द्यायचा, उरलेल्या तिन्ही आकड्यांची सरासरी काढायची. तिला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाने भागायचं. वर दहा मिनिटं, पाच चढायला आणि पाच उतरायला. वारा, ढग आणि वैमानिकाचा स्वभाव यांच्यासाठी एक मिनिटही नाही. "ते माझ्या खात्यात येत नाही," असं तो म्हणायचा. कचेरीत त्याला सगळे सेंटीमीटर म्हणत. त्याला त्याचा राग येत नसे, उलट बरं वाटायचं.

त्याचा खरा अभिमान मात्र वेगळाच होता. पुस्तकात चूक निघाली की कंपनी एक गुलाबी चिठ्ठी छापून त्या पानावर चिकटवायची. ते शुद्धिपत्र. भाड्याच्या पानांवर शुद्धिपत्रं असत, फोन नंबरांच्या पानांवर असत, एका वर्षी तर मुखपृष्ठावरच होतं, कारण कंपनीचं नाव छापायचं राहिलं होतं. मामाच्या चाळीस पानांवर कधीही एकसुद्धा नव्हतं. "माझी पानं पांढरी आहेत," असं तो सांगायचा, आणि सांगताना छाती जराशी पुढे यायची.

आता गोलाचं सांगते. मी नऊ वर्षांची असताना अंतर विभागाच्या छतातला पाण्याचा नळ फुटला आणि पृथ्वी रात्रभर भिजत राहिली. सकाळी मामा पोचला तेव्हा तिचे कागद सोलून लोंबत होते. नवीन गोल मागवायचा तर जुना निकामी झाल्याचा अहवाल लागतो, आणि तो अहवाल अंतर विभागाने गोलावर मोजमाप करून द्यायचा असतो. मामाने नियम तीनदा वाचला, गोल चादरीत गुंडाळला आणि सरळ आमच्या घरी आणला. आईला म्हणाला, "ताई, खळ करून दे."

आईने पातेलंभर खळ केली. दोन दिवस पृथ्वी आमच्या जेवणाच्या टेबलावर होती आणि आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो. मामा कागदाची एकेक पट्टी उचलून खळ लावून चिकटवत होता. शेवटची पट्टी काही केल्या बसेना. भिजून कागद फुगला होता. इतकी मोठी पृथ्वी आणि अर्ध्या नखाएवढी पट्टी जास्त होत होती. मामाने कड शेजारच्या पट्टीखाली सरकवली आणि अंगठ्याने दाबली. तिथे नुसता समुद्रच होता, त्यामुळे कुणाचं घर गेलं नाही, कुणाचं शेत गेलं नाही. वरून वार्निशचे दोन हात दिले. आई म्हणाली, "नवा दिसतो की." मामाही खूश झाला.

त्याच वर्षी कंपनीने आमच्या विमानतळापासून समुद्रापलीकडच्या एका विमानतळापर्यंत नवीन मार्ग सुरू केला. मामाने मोजून अंतर छापलं: बाराशे पन्नास किलोमीटर, दोन तास शेहेचाळीस मिनिटं. आणि त्या मार्गावर वैमानिक म्हणून नेमले गेले माझे बाबा.

बाबा पहिल्याच दिवशी बावीस मिनिटं उशिरा पोचले. दुसऱ्या दिवशीही बावीस. वाऱ्याने दोन-चार मिनिटं इकडची तिकडे व्हायची, पण महिन्याची सरासरी काढली की बावीस. जाताना बावीस, येताना बावीस. आता माझ्या बाबांचा स्वभाव सांगायला हवा. ठरलेला वेग म्हणजे ठरलेला वेग. ते रजेवर असले की दुसरे वैमानिक इंजिनाला घाम फोडून वेळेवर पोचत आणि मिशीला पीळ देत. बाबा म्हणत, "कंपनीने चारशे ऐंशी सांगितलंय, मी चारशे ऐंशीनेच नेणार. विमान काही माझ्या बापाचं नाही." इतका सरळ माणूस घरात असला की घरातल्यांना फार त्रास होतो.

त्यांनी पहिल्याच महिन्यात मामाला सांगितलं होतं, "मेहुणे, तुमचं अंतर कमी आहे. माझ्या विमानातलं मीटर चौदाशे सव्वीस दाखवतं."

मामाला ते इतकं लागलं की तो चार महिने आमच्या घरी फिरकला नाही. त्या चार महिन्यांत त्याने तो मार्ग अकरा वेळा मोजला. पाच पाचच्या हिशेबाने पंचावन्न वेळा दोरा ताणला. बाराशे पन्नास. मग तो घरी आला आणि बाबांना म्हणाला, "भाऊजी, तुमचं मीटर तपासून घ्या."

कंपनीने मीटर बदललं. तेही चौदाशे सव्वीस म्हणालं. कंपनीने चार मीटरं बदलली आणि चारही सदोष निघाली. मग कप्तान वाटेत वळसे घेतो की काय, हे पाहायला एक तपासनीस आठवडाभर बाबांच्या मागे होकायंत्र मांडीवर घेऊन बसला. त्याने अहवाल दिला: "विमान पूर्णपणे सरळ गेले. तरीही उशीर झाला. कारण: वैमानिक."

त्यातच बाबांनी बेटाची गोष्ट काढली. प्रवासाच्या साधारण मध्यावर, ढग नसले की, खाली एक छोटं बेट दिसतं, असं ते म्हणाले. एक घर आहे, दोरीवर कपडे वाळत असतात, कुणीतरी हात हलवतं. कंपनीच्या गोलावर तिथे बेट नव्हतं. बाबांनी माझा शाळेचा नकाशा नेऊन त्यावरचा एक पुसट ठिपका साहेबांना दाखवला, तर साहेब म्हणाले, "शाळेचा नकाशा शाळेत." तपासनिसाला विचारलं तर तो म्हणाला, त्याच्या आदेशात समोर पाहायचं लिहिलं होतं, खाली पाहायचं नव्हतं. सहवैमानिक मूग गिळून बसले, कारण बेट पाहिलं म्हणणाऱ्याला उशिरातही वाटेकरी धरणार होते. तेव्हापासून कचेरीत बाबांचं नाव बावीस पडलं. एका कंपनीत मामा सेंटीमीटर आणि बाबा बावीस. लहानपणी मला वाटायचं की मोठं झाल्यावर सगळ्यांनाच आकडा मिळतो.

कचेरीतलं एक वेळ चाललं असतं. घरात फार वाईट होतं. बाबांचं परतीचं विमान पुस्तकाप्रमाणे संध्याकाळी सहाला उतरायला हवं आणि उतरायचं सहा बावीसला. आई दारातच विचारायची, "बावीस मिनिटं कुठे होतात?"

"समुद्रावर."

"समुद्रावर कोण आहे?"

बाबा बूट काढायचे. आई पुढे म्हणायची, "बाकीचे वेळेवर येतात. माझा भाऊ खोटं छापतो का?" मग बाबा हात धुवायला जायचे. हे मी शाळेत असताना चालू होतं, कॉलेजात असताना चालू होतं आणि मी स्वतः शाळेत शिकवायला लागले तेव्हाही चालू होतं. हवेत थांबता येत नाही, हे आईला कळत होतं. पण ते बेट तिच्या डोक्यात बसलं होतं. वाळत घातलेले कपडे कुणाचे, हे तिला जाणून घ्यायचं होतं. एकदा तिने मामाला गोलावर नीट बघायला लावलं. मामाने भिंगातून सगळा समुद्र पालथा घातला आणि सांगितलं, "ताई, पाण्याशिवाय काही नाही." त्यावर आईला बरं वाटायला हवं होतं, पण ती आणखीच बिथरली. बेट असतं तर नवरा निदान खरं बोलतोय असं तरी ठरलं असतं. मामाला वाटलं आपण बहिणीचा संसार सावरला, म्हणून तो खूश होऊन घरी गेला.

आठ वर्षांपूर्वी कंपनीत संगणक आले. मामाने आपली चाळीस पानं तीन आठवडे बसून ऑपरेटरला वाचून दाखवली. त्यानंतर कुणीही विचारलं की संगणक क्षणात सांगायचा, बाराशे पन्नास, दोन तास शेहेचाळीस. मामा घरी येऊन म्हणाला, "बघा भाऊजी, आता यंत्रही तेच म्हणतंय."

बाबा म्हणाले, "यंत्राला कुणी शिकवलं?"

"ते महत्त्वाचं नाही," मामा म्हणाला.

असं होता होता अठरा वर्षं गेली. बाबांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं आणि त्यांच्यावर चौकशी बसली. आरोप दोन. पहिला, सतत उशीर. दुसरा, अस्तित्वात नसलेल्या बेटाचा वारंवार उल्लेख. सिद्ध झाले तर विमान काढून घेऊन शेवटचं वर्ष हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवणार होते, आणि कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं की हा माणूस वेळ पाळत नाही आणि नसलेलं बघतो.

बाबांनी ते पत्र जेवताना वाचून दाखवलं आणि घडी घालून पाण्याच्या तांब्याखाली ठेवलं. म्हणाले, "खिडकीचं मला काही वाटत नाही. सामानही कुणाचं तरी असतंच. पण अठरा वर्षांत एका तरी माणसाने म्हणायला हवं होतं, की हा सांगतो ते खरं असेल."

मी तिथेच बसले होते. मला म्हणता आलं असतं. पण मीही मामाची भाची, छापील आकड्यांवर वाढलेली. मी आमटी ढवळत राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

चौकशीसाठी कंपनीने अंतर विभागाकडून दाखला मागवला: सदर दोन विमानतळांमधील अंतर बाराशे पन्नास किलोमीटर असल्याचे प्रमाणित करण्यात येते. मामाला न मोजता सही करता आली असती. पण तो मामा होता. त्याने हात धुतले आणि दोरा घेतला. अठरा वर्षांत वार्निश पिकून पिवळं पडलं होतं आणि समुद्राच्या मधोमध त्याला केसासारखी भेग पडली होती. दोरा सरकवताना मामाचं नख त्या भेगेत अडकलं. मामाने भिंग लावलं. भेगेखाली कागदाची कड होती.

त्या दुपारी मी घरी एकटीच वह्या तपासत होते. मामाच्या कचेरीपासून आमचं घर चालत चौदा मिनिटं. तो दारात आला तेव्हा धापा टाकत होता. "नऊ मिनिटांत आलो," तो म्हणाला, आणि खुर्चीवर बसला. चपला काढायच्याही विसरला होता. मग त्याने मला सगळं सांगितलं. फुगलेली पट्टी, अंगठ्याने दाबलेली कड, अर्ध्या नखाचा समुद्र.

"साडेपाच मिलिमीटर आणि वर केसभर," तो म्हणाला. "म्हणजे एकशे शहात्तर किलोमीटर. म्हणजे बावीस मिनिटं. मी तीनदा भागून पाहिलं."

मला त्याच्या अंगावर वह्यांचा गठ्ठा फेकावासा वाटत होता.

"वार्निशचा एक हात दिला की भेग बुजेल," तो म्हणाला. त्याने खिशातून दाखला काढला. सही व्हायची होती. "संगणक माझ्या बाजूने आहे. कुणाला कळणार नाही."

"मग इथे कशाला आलास?"

"तू म्हण ना, की जाऊ दे मामा, दोघं म्हातारे झालात."

"नाही म्हणणार."

"माझी पानं पांढरी आहेत गं," मामा म्हणाला आणि रडायला लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. रडणंसुद्धा त्याने बेताने केलं, उगीच लांबवलं नाही. नाक पुसलं, दाखला पुन्हा खिशात घातला आणि जाताना दारात थांबून विचारलं, "तुझ्याकडे चहाची किटली आहे ना, तोटी असलेली?"

चौकशी गुरुवारी सकाळी दहाला होती. लांब टेबलामागे तिघं बसले होते: मोठे साहेब, तोच होकायंत्रवाला तपासनीस आणि कायद्याच्या बाई. समोर एका खुर्चीवर बाबा, गणवेश इस्त्री केलेला. मामा चादरीत गुंडाळलेली पृथ्वी कवेत घेऊन आला. त्याच्या मागून विजेची शेगडी आणि किटली घेऊन मी. मोठ्या साहेबांना वाटलं चहा आला. ते म्हणाले, "साखर कमी."

मामाने चादर सोडली. "हा दाखला," तो म्हणाला आणि सही न केलेला कागद टेबलावर ठेवला. "यावर मी सही करणार नाही. अंतर चुकलंय. गोल भिजला तेव्हा तो घरी नेऊन मीच चिकटवला होता."

"संगणक तर बाराशे पन्नासच म्हणतो," तपासनीस म्हणाला.

"त्याला मीच सांगितलंय."

"पण त्याने ऐकलं ना? खोटं असतं तर ऐकलं असतं का?"

तोवर मी लावलेल्या शेगडीवर किटलीतून वाफ यायला लागली होती. मी किटली धरली आणि मामाने पृथ्वी तोटीसमोर कलती केली. पाच मिनिटं आम्ही तिला वाफ देत राहिलो. बाबा गोलाकडे बघतच नव्हते, ते मामाच्या हातांकडे बघत होते. वार्निश पांढरं पडलं, भेग रुंद झाली. मामाने टेबलावरची मोजपट्टी घेऊन तिची धार आत घातली आणि हलकेच उचललं. अठरा वर्षांची खळ सुटायला तयार नव्हती. आईच्या हातची होती. मग एकदम कागदाची कड वर आली आणि तिच्याखाली निळ्या रंगाची एक अरुंद पट्टी दिसली, बाकीच्या समुद्राहून ताजी, ऊन न लागलेली.

तिच्या मधोमध तिळाएवढा एक हिरवा ठिपका होता.

कायद्याच्या बाई भिंग मागून घेऊन वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. "याला नाव आहे," त्या म्हणाल्या. "पण फार बारीक आहे, वाचता येत नाही."

मोठे साहेबही वाकले. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे बेट आहे," ते म्हणाले. "म्हणजे आपण अठरा वर्षं कुणाच्या तरी बेटावरून न विचारता विमान नेतोय?"

त्यानंतर सगळं भराभर झालं. तिघं एका कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. कागदावर बेट आलं तर त्याची परवानगी आली, परवानगी आली तर अठरा वर्षांची आली, एवढं मला ऐकू आलं. परत येऊन त्यांनी निकाल दिला की कप्तानांवर कधीही कसलाही आरोप नव्हता. उशीर झाला नव्हता. चौकशी झाली नव्हती. कंपनीची पृथ्वी विनापरवानगी घरी नेऊन डकवल्याबद्दल अंतर विभागाला समज देण्यात यावी आणि योग्य ते शुद्धिपत्र काढावं. मामाने मान खाली घालून "हो" म्हटलं. बाबा उठले, मामाजवळ आले, आणि मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. पण त्यांनी फक्त पृथ्वीला चादर गुंडाळायला मदत केली आणि विमानाची वेळ झाली म्हणून निघून गेले.

शुद्धिपत्र मामाने स्वतः लिहिलं. छापखान्यात पाठवायच्या आधी त्याने साहेबांची सही घेतली, पण साहेबांना त्या मार्गाचं नावही नको झालं होतं. त्यांनी न वाचताच सही केली. म्हणून ती गुलाबी चिठ्ठी त्याने लिहिली तशीच छापली गेली आणि कंपनीच्या प्रत्येक पुस्तकात, तिकिटाच्या प्रत्येक खिडकीवर, विमानातल्या प्रत्येक आसनाच्या खिशावर चिकटली:

"पान ३४१, ओळ ७. १२५० कि.मी. ऐवजी १४२६ कि.मी. वाचावे. २ तास ४६ मिनिटे ऐवजी ३ तास ८ मिनिटे वाचावे. या मार्गाचे कप्तान गेली अठरा वर्षे वेळेवर येत होते. चूक मोजणाऱ्याची."

मामाने त्याची एक प्रत आईला आणून दिली. आईने ती उभ्या उभ्या वाचली. मग बसून वाचली. चौकशीत काय झालं ते तिला मी सांगितलंच होतं, पण छापून आलेलं तिला जास्त कळायचं. शेवटी ती म्हणाली, "खळ मी केली होती."

"पट्टी मी दाबली, ताई."

"रोज दारात उभी राहून विचारत होते मी. माणूस दमून यायचा." तिने चिठ्ठी पदराने पुसली, जणू तिच्यावर धूळ होती. "किती वाजले?"

"पाच पंधरा."

"चल. सहाला पोचायचंय."

"नव्या वेळेप्रमाणे विमान सहा बावीसला आहे," मामा म्हणाला. त्याला राहवणार कसं?

"माहीत आहे. आपण सहालाच जायचं. बावीस मिनिटं आपण दोघं उभं राहायचं तिथे. बसायचं नाही."

आम्ही तिघं गेलो. अठरा वर्षांत आई पहिल्यांदाच विमानतळावर आली होती. कठड्याला धरून ती आणि मामा उभे राहिले, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. शेजारी बाक रिकामा होता. मामाचे गुडघे दुखत होते, तो दर दोन मिनिटांनी पाय बदलत होता, पण बसला नाही. घड्याळाकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही, आणि हे त्याच्या बाबतीत फार मोठं होतं. विमान उतरलं. माणसं उतरली. सगळ्यात शेवटी टोपी काखेत मारून बाबा आले आणि आम्हाला बघून जागच्या जागी थांबले.

"काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"अहो, चुकलं आमचं," आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मग मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "भाऊजी, मला माफ करू नका एवढ्यात. थोडे दिवस रागावून राहा. मला बरं वाटेल."

"बघू," बाबा म्हणाले. पण ते रागावलेले दिसत नव्हते, दमलेले दिसत होते, आणि सुटल्यासारखेही. आम्ही गाडीकडे चालायला लागलो. आईने बाबांची बॅग त्यांच्या हातातून घेतली. दहा-वीस पावलं गेल्यावर तिने नेहमीचा प्रश्न विचारला, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"त्या बेटावर कोण आहे हो?"

बाबा चालताना अडखळले. अठरा वर्षं ते नुसतं "कुणीतरी" म्हणत आले होते.

"एक बाई आहे," ते शेवटी म्हणाले. "एकटीच असावी. दुर्बिणीतून पाहिलं आहे मी. पांढऱ्या चादरी वाळत घालते. विमान दिसलं की हातातलं काम टाकून हात हलवते."

मागून मामा घाईघाईने म्हणाला, "वयस्कर असेल, ताई. चांगली वयस्कर असेल."

"नसली तरी चालेल," आई म्हणाली. "तुम्ही सांगा. पहिल्यापासून सांगा."

बाबा सांगायला लागले.